पहिलीच्या पोरांवरची मास्कची सक्ती काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात शाळेतल्या मुलांच्या मास्कवर दोन पत्रं आली होती. एकात पुण्यातल्या एका पालकांनी लिहिलंय की थिएटरं उघडली, लग्नं जोरात चाललीत, मग पोरांनीच काय घोडं मारलंय, मास्क फेकून द्या एकदाचे. दुसऱ्या पत्रात एका ताईंनी लिहिलंय की लहान मुलांना अजून लस नाही, शाळेनं मास्क काढला तर मी माझ्या मुलीला शाळेत पाठवणार नाही. दोन्ही पत्रं मी दोन-दोनदा वाचली, दोघांचंही थोडं पटलं आणि थोडं अजिबात पटलं नाही, कारण दोघंही ज्या मुलांबद्दल बोलतायत ती मला मोठ्या शहरातली, वरच्या वर्गातली वाटली. मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, नोकरीला एकोणीस वर्षं झाली, वर्गात ३१ मुलं आहेत. त्यांच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितेय. पत्र लांबलंय, जागा कमी पडली तर शेंडा-बुडखा कापा पण मधलं ठेवा ही विनंती.

आधी माझं म्हणणं सरळ सांगून टाकते म्हणजे गैरसमज नको. पहिली ते चौथीच्या मुलांवर मास्कची सक्ती नको. ज्याला घालायचाय त्यानं घालावा, त्याला कुणी काढायला लावू नये, आणि आम्ही मोठ्यांनी म्हणजे शिक्षकांनी, स्वयंपाकाच्या मावशींनी, शाळेत येणाऱ्या पाहुण्यांनी मास्क घालावा. मी मास्कच्या विरोधातली बाई नाही. दुसऱ्या लाटेत माझे सख्खे मामा बेड शोधता शोधता गेले, शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. घरी सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, त्यांच्यासाठी मी दोन वर्षं घरातसुद्धा मास्क लावून भाकरी केल्यात. त्यामुळं कृपा करून मला कुणी हे सांगू नका की बाईंना कोरोनाचं गांभीर्य नाही.

आता ही पहिलीची बॅच नेमकी कोण आहे ते जरा डोळ्यासमोर आणा. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा ही पोरं चार-साडेचार वर्षांची होती, म्हणजे अंगणवाडीत गाणी म्हणायच्या वयाची. अंगणवाडी बंद. मग जून २०२१ मध्ये पहिलीत नावं घातली ती कागदावरच, मोबाईल घरात एकच आणि तो बापाबरोबर रानात. ग्रामीण भागातली पहिली ते चौथी उघडली १ डिसेंबर २०२१ ला, आणि ती पण कशी, बरोबर पाचच दिवस आधी २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेनं ओमिक्रॉनचं नाव जाहीर केलेलं, टीव्हीवर दिवसभर तेच, आयाबाया पोरांना गेटवर सोडून माघारी जाताना तीन-तीनदा वळून बघत होत्या. दीड महिना गेला नाही तोवर १० जानेवारीपासून परत कुलूप. २४ जानेवारीपासून राज्यानं परवानगी दिली, त्यानंतर आमच्याकडं परत घंटा वाजली. म्हणजे सहा-साडेसहा वर्षांच्या लेकराला आयुष्यात धड तीन महिनेसुद्धा शाळा मिळालेली नाही, आणि जेवढी मिळाली तेवढ्यात त्यानं आपल्या बाईंचं तोंड पाहिलेलं नाही.

आता जे लिहितेय ते लिहू का नको असं आठवडाभर चाललं होतं, पण ते लिहिल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. शाळा उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, २ डिसेंबरला, पहिलीतला एक मुलगा मास्क न लावता आला. आदल्याच दिवशी आम्हाला वरून बजावून सांगितलं होतं की विनामास्क एकही मूल वर्गात दिसता कामा नये, कुणी तपासायला आलं तर जबाबदारी शिक्षकाची. मी त्याला म्हटलं, जा बाळा, घरून मास्क घेऊन ये. एवढंच. ओरडले नाही, काही नाही. घर ओढ्याच्या पलीकडं, फार लांब नाही. मी हजेरी घेतली, वर्ग सुरू केला, तो काही परत आला नाही, मला वाटलं आईनं ठेवून घेतला असेल. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले तर आई चुलीपुढं होती, मला बघून उठली आणि म्हणाली, "म्याडम, पोरगं म्हनलं बाईनी साळंत नगं म्हनलं. मला वाटलं त्याचं नाव काडलं काय की." मग कळलं ते असं की त्या दिवशी घरात कुणी नव्हतं, आई रोजानं कांदे काढायला गेलेली, आणि घरात मास्क नव्हताच, त्यामुळं तो घरी गेलाच नाही, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर दप्तर मांडीत घेऊन दुपारपर्यंत बसून राहिला. गावातली दोन-तीन माणसं त्याला बघून गेली, कुणी विचारलं नाही.

सहा वर्षांचं लेकरू, शाळेचा दुसरा दिवस. मी त्याला घराबाहेर काढल्यासारखंच झालं की हो ते. मेडिकलमध्ये मास्क पाच रुपयाला मिळत होता. त्या दिवसापासून मी माझ्या पर्समध्ये मास्कचं पाकीट ठेवते आणि मास्क नाही म्हणून एकालाही उंबऱ्यावर थांबवत नाही. पण मी थांबवत नाही म्हणून भागत नाही ना, नियम तोच आहे, आणि माझ्यासारख्या किती बाईंनी आणि सरांनी किती पोरांना "जा घेऊन ये" म्हटलं असेल आणि ती कुठल्या कुठल्या पायरीवर बसली असतील याचा हिशोब कुठंच लागणार नाही.

आता शिकवण्याचं सांगते, कारण हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, त्यात त्यांची चूक नाही. पहिलीत आम्ही अक्षर डोळ्यानं, कानानं आणि तोंडानं असं तिन्हीकडून शिकवतो. प, फ, ब, भ, म ही सगळी ओठांची अक्षरं. "माझ्या ओठांकडं बघा" हे वाक्य मी एकोणीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल. ब आणि भ मधला फरक मुलाला सांगून समजत नाही, तो आम्ही दाखवतो. तळहात तोंडासमोर धरायचा आणि ब म्हणायचं, हाताला जेमतेम काही लागतं. मग भ म्हणायचं, हवेचा झोत हाताला लागतो, पोरं हसतात, परत परत करून बघतात, आणि तो फरक जन्मभरासाठी डोक्यात बसतो. प आणि फ ला मी वहीच्या कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरते, प ला ती जागची हलत नाही आणि फ ला उडते. आता मास्क लावून हे करून बघा. हाताला काही लागत नाही, पट्टी हलत नाही, फक्त मास्क जरा पुढं फुगतो आणि परत बसतो. माझे ओठ दिसत नाहीत, पोरांचे मला दिसत नाहीत, कोण भ म्हणतंय आणि कोण नुसता ब म्हणून वेळ मारून नेतंय ते कळायला मार्ग नाही.

फेब्रुवारीत मी श्रुतलेखन घेतलं. साधे शब्द, भात, फळ, पाणी, टाळी, बाण. वह्या तपासल्या तर १४ मुलांनी भातचा बात लिहिलेला, टाळीची टाली, बाणचा बान. ण आणि न, ळ आणि ल यात आमच्या भागात तशीही गडबड असते, घरी बोलताना तसंच बोलतात, ते आम्ही शाळेत हळूहळू दुरुस्त करतो. पण भात? भात रोज खातात की. हे सगळं मास्कमुळंच झालं असं मी म्हणत नाही, दोन वर्षांचा खड्डा आहे तो आहेच. पण खड्डा भरायला उतरलेल्या माणसाचे हात बांधून ठेवायचे, याला काय म्हणायचं.

इंग्लंडच्या शिक्षण खात्यानं गेल्या वर्षी तिथल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं तेव्हा ८० टक्के मुलं म्हणाली की मास्कमुळं बोलणं-समजणं अवघड जातं. आणि ती माध्यमिकची मुलं, त्यांना वाचता येतं, फळ्यावरचं बघून घेता येतं. तिथं प्राथमिकच्या मुलांना वर्गात मास्क कधी लावलाच नाही, अगदी लाट जोरात होती तेव्हासुद्धा नाही. फ्रान्स, स्पेन, इटलीत मात्र सहा वर्षांपासून पुढं लावायला सांगितला होता, अमेरिकेत तर दोन वर्षांपासून पुढं. म्हणजे शिकलेल्या, पैसेवाल्या देशांचंही यावर एकमत नाही. माझी भाची न्यू जर्सीत आहे, तिची मुलगी तिकडं पहिलीतच आहे. तिथली शाळेतली सक्ती या सोमवारी, ७ मार्चला उठली. रात्री व्हिडिओ कॉलवर ती पोरगी मला काय सांगत होती तर, "आजी, माझ्या टीचरला इथं एक खळी पडते." सहा महिने ज्या बाईंसमोर बसली त्यांची खळी तिला सोमवारी दिसली. मी फोन ठेवला आणि बराच वेळ मला दुसरं काही सुचलं नाही.

आता त्या ताईंचा मुद्दा. त्यांची भीती खोटी नाही. लस १५ वर्षांच्या पुढच्यांना ३ जानेवारीपासून सुरू झाली, त्याखालच्यांना अजून नाही हे खरंच आहे. मुलांना कोरोना होतच नाही असं म्हणणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, होतो, क्वचित एखाद्याला नंतरचा त्रास पण गंभीर होतो. पण आयसीएमआरनं गेल्या जून-जुलैत देशभर रक्त तपासून जो चौथा सिरो सर्व्हे केला त्यात ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे शाळा बंद, अंगणवाडी बंद, तरी निम्म्याहून जास्त पोरांना तेव्हाच होऊन गेलेला, बहुतेकांच्या आईबापाला कळलं पण नाही. आणि हे तर ओमिक्रॉनच्या आधीचं. त्याच वेळी आयसीएमआरच्या प्रमुखांनी, डॉ. बलराम भार्गवांनी सांगितलं होतं की शाळा उघडायच्या तर प्राथमिकच्या आधी उघडल्या तरी चालतील, लहान मुलं हा व्हायरस मोठ्यांपेक्षा बरा झेलतात. आपण उलटं केलं, सगळ्यात शेवटी प्राथमिक उघडली.

ताई, दुसरं असं की तुमची मुलगी मास्क नीट लावत असेल, तुम्ही रोज धुतलेला देत असाल, जादाचा एक दप्तरात ठेवत असाल. माझ्या वर्गात तसं नाही. एका घरातून तीन पोरं येतात आणि मास्क दोन. सकाळी लावलेला कापडी मास्क अकरापर्यंत लाळेनं ओला होतो, मग तो हनुवटीला येतो, मग चघळला जातो, मग खाली मातीत पडतो, उचलून परत तोंडाला. खडूच्या हातानं, पाटी पुसलेल्या हातानं दर मिनिटाला तोंडाला हात. मी एकटी ३१ जणांच्या नाकाकडं बघू का फळ्याकडं बघू? आपल्याच केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या जानेवारीतल्या सूचना वाचा, त्यात म्हटलंय की पाच वर्षं आणि त्याखालच्यांना मास्क नको, आणि ६ ते ११ च्या मुलांनी वापरला तर चालेल, पण त्यांना तो नीट वापरता येतो का ते बघून आणि पालकांच्या थेट देखरेखीत. "चालेल" असं आहे, "लावलाच पाहिजे" असं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं तर ऑगस्ट २०२० मध्येच सांगून ठेवलंय की या वयात मास्क ठरवताना गावात साथ किती आहे ते बघा, मास्क मिळतात का, धुवायची सोय आहे का, मोठं माणूस लक्ष द्यायला आहे का, मुलाच्या शिकण्यावर काय परिणाम होतो ते बघा. यातला एक तरी प्रश्न आमच्या शाळेत येऊन कुणी विचारला असता तर मी त्याला चहा करून पाजला असता. आलं ते फक्त "सक्तीचे करावे".

आणि सक्ती कागदावर कशी चालते ते पण सांगते. निरोप येतो की मास्क घातलेल्या मुलांचे फोटो ग्रुपवर टाका. मी म्हटलं की चला रे फोटो, की खिशातून, दप्तराच्या तळातून, कंपासपेटीतून मास्क निघतात, चुरगळलेले, शाई लागलेले. एकदा चौथीतली बहीण धावत आली आणि आपल्या तोंडावरचा मास्क काढून पहिलीतल्या भावाच्या तोंडाला लावून परत पळाली, त्याचा फोटो राहू नये म्हणून. तो फोटो गेला, वर कुणीतरी अंगठा दाखवला. एकाच्या तोंडाचा मास्क दुसऱ्याच्या तोंडाला, यापेक्षा मास्क नसलेला बरा नाही का?

पुण्याच्या दादांना पण मला सांगायचंय. तुम्ही लिहिलंय की मास्कमुळं मुलांचा ऑक्सिजन कमी होतो, मेंदूला इजा होते. असं काही नसतं हो. ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर-नर्स तासन्‌तास मास्क लावून उभे असतात. असल्या व्हॉट्सअॅपच्या गोष्टी पेपरात आल्या की आमच्यासारख्यांचं खरं म्हणणंसुद्धा कुणी ऐकत नाही, सगळे एकाच पोत्यात जातात. आणि "फेकून द्या" पण नका म्हणू. मास्कचा उपयोग होतो. शेजारच्या बांगलादेशात ६०० खेड्यांत जवळपास साडेतीन लाख मोठ्या माणसांचा अभ्यास झाला, डिसेंबरमध्ये तो छापून आला. ज्या गावांत सर्जिकल मास्क वाटून, समजावून सांगून वापर वाढवला तिथं लक्षणं असलेला कोरोना ११ टक्क्यांनी कमी झाला, साठीच्या पुढच्यांमध्ये ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा तितका स्पष्ट फरक दिसला नाही. आता यात दोन गोष्टी बघा, एक म्हणजे तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता, पहिलीच्या पोरांचा नाही. आणि दुसरी म्हणजे फायदा सगळ्यात जास्त झाला तो म्हाताऱ्यांना. म्हणजे मास्क लावायला हवा तो गर्दीत, दवाखान्यात, बसमध्ये, आजी-आजोबांजवळ, आणि मोठ्यांनी. इथं मात्र जत्रेच्या मीटिंगला अख्खं गाव देवळात मांडीला मांडी लावून विनामास्क बसतं आणि शेजारच्या शाळेत सहा वर्षांचं पोरगं तोंड बांधून बाराखडी म्हणतं. दहावीची परीक्षा येत्या १५ तारखेला सुरू होतेय, ती मुलं तीन तास मास्क लावून बसतील, त्यांना कळतं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. उद्या परत लाट आली तर पाचवीच्या पुढच्यांना परत लावायला लावा, मी स्वतः सांगेन.

आता ज्याच्यामुळं मी "सक्ती नको" म्हणते आणि "बंदी करा" म्हणत नाही, तो मुलगा. दुसरीत आहे. गेल्या मे महिन्यात त्याचे वडील गेले, कोरोनानंच. तो मास्क काढत नाही. पाणी पितानासुद्धा मास्क खालून जरासा उचलतो, बाटलीचं तोंड आत घालतो आणि पितो. डबा खाताना भिंतीकडं तोंड करून बसतो. सुरुवातीला दोन पोरं हसली, मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. एकदा खेळाच्या तासाला मी त्याला हळूच म्हटलं की अरे आपण तर बाहेर आहोत, काढलास तरी चालेल. तो म्हणाला, "बाई, आज्जीला व्हईल." मी परत कधी बोलले नाही. घरात आता ती आजी, आई आणि तो. ज्यांना वाटतं की मास्क हे सगळं नाटक आहे त्यांनी या पोरासमोर येऊन बोलून दाखवावं. उद्या सक्ती उठली तर त्याला कुणी मास्क काढ म्हणून चिडवू नये, कुठल्या शिक्षकानंसुद्धा नाही, हे जीआरमध्ये स्पष्ट लिहा.

आणि तिसरीत एक मुलगी आहे, तिला कमी ऐकू येतं, कानामागं मशीन आहे. ती मुख्यतः ओठ वाचते. आमच्या सहकारी बाई मास्क लावून बोलतात तेव्हा तिच्यापुढं निम्मा चेहरा कापडाचा. त्यात तिच्या स्वतःच्या मास्कची दोरी आणि मशीनची नळी एकाच कानामागं, मास्क काढला की मशीन ओढून निघतं. दोनदा जमिनीवर पडलं. मशीन किती हजाराचं असतं ते तिच्या बापाला विचारा. अशा मुलांना सूट द्यावी असं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेतही आहे, पण आमच्याकडं आलेल्या पत्रकात त्याचा एक शब्द नाही. मग आम्हीच ठरवलं, तिच्यासाठी बाई खिडकीजवळ उभ्या राहतात, अंतर ठेवतात आणि मास्क खाली करून बोलतात. पत्रकाच्या विरुद्ध झालं असेल तर झालं.

खिडकीवरून आठवलं, आणि मला वाटतं खरं काम इथंच आहे. गेल्या मे मध्ये केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या, के. विजयराघवन यांच्या कार्यालयानं एक पत्रक काढलं होतं की व्हायरसचे बारीक कण हवेतून १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा. ते वाचलं आणि मी माझ्या वर्गाकडं बघितलं. चार खिडक्या, त्यातल्या दोन माकडांच्या त्रासानं कधीतरी पत्रा ठोकून बंद केलेल्या. मी एक उदबत्ती लावली आणि मधोमध ठेवली, धूर वर गेला आणि कौलाखाली तसाच घुटमळत राहिला. एका पोराचे वडील सुतार आहेत, त्यांनी रविवारी येऊन पत्रे काढले, लोखंडी जाळी बसवली, पैसे घेतले नाहीत. सोमवारी परत उदबत्ती लावली, धूर सरळ पूर्वेकडच्या खिडकीतून बाहेर. पोरांना पण दाखवलं, त्यांना ते फार आवडलं, विज्ञानाचा धडाच झाला. या दोन वर्षांत सॅनिटायझर, थर्मल गन, ऑक्सिमीटर असं बरंच आलं आमच्याकडं, पण खिडक्या उघडतात का असं विचारायला कुणी आलं नाही. आणि आता उन्हाळा आहे, सकाळची शाळा आहे, अंगणात मोठा लिंब आहे, अर्धे तास मी बाहेरच घेते.

माझं मागणं फार नाही. शिक्षण खात्यानं पहिली ते चौथीची सक्ती याच महिन्यात उठवावी, जूनची वाट बघू नये, कारण या बॅचची पहिली आता संपत आलीय आणि राहिलेले पाच-सहा आठवडे हीच यांची पहिली आहे. मास्क नाही म्हणून कुठल्याही मुलाला वर्गाबाहेर ठेवायचं नाही हे लेखी द्यावं, त्यात कुठलीही अट नको. ज्यांना लावायचाय त्यांच्यासाठी लहान मापाचे मास्क शाळेत फुकट असावेत, मोठ्यांचे मास्क गाठ मारून मारून पोरांच्या डोळ्यात जातात. शिक्षकानं मास्क लावावा पण अक्षर शिकवताना, दोन्ही डोस झालेले असतील आणि खिडक्या उघड्या असतील तर, फळ्याजवळ उभं राहून तो खाली घ्यायची मुभा असावी. ते फोटो बंद करा. आणि सुट्टीत शाळांच्या खिडक्या तपासा, ज्या ठोकून बंद केल्यात त्या उघडा, जाळी लागेल तिथं जाळी द्या.

देवळाच्या पायरीवर बसलेला मुलगा आता रोज येतो. त्याच्या आईनं ब्लाउजपीसचे दोन मास्क शिवून दिलेत, हिरवे, कडेला दुहेरी शिलाई घातलेले, तो ते घडी करून पाटीच्या पिशवीत ठेवतो आणि गेटमधून आत येताना आधी मला दाखवतो की आणलाय. अजून दाखवतो. नको दाखवू म्हटलं तरी दाखवतो. सोमवारी मी ब आणि भ परत घेणार आहे, लिंबाखाली, गोल बसवून, हात तोंडासमोर धरून, आणि त्याला माझ्या शेजारी बसवणार आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. बार्शी, जि. सोलापूर
१२ मार्च २०२२